कच्च्या टाक्यातली शीळ

बायकोने इस्त्रीची वायर हातात घेतली, तसे मास्तर कटिंगच्या टेबलामागून असे उठले, की उभ्या जन्मात बड्या गिऱ्हाइकासाठीही ते कधी तसे उठले नसतील. प्लगला आडवे होऊन त्यांनी दोन्ही हात पसरले. गळ्यातला टेप लोंबत होता, चष्मा कपाळावर गेला होता.

"आज नाही," ते म्हणाले.

"काल पण हेच म्हणालात."

"काल सराव होता. आज ट्रायल आहे."

मास्तरीणबाईंनी इस्त्री खाली ठेवली आणि स्वतःच्या अंगावरच्या चुरगळलेल्या कपड्यांकडे एकदा बघून घेतलं. शिंप्याच्या घरात पंधरवडाभर इस्त्री फिरलेली नव्हती. गल्लीतल्या बायका आवाज खाली आणून विचारू लागल्या होत्या, घरात कुणी आजारी आहे का म्हणून.

इस्त्री लावली की फ्यूज उडायचा, ही त्या घराची जुनी रीत. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नसे. मास्तर स्टुलावर चढत, तार बांधत, उतरत, आणि इस्त्री पुन्हा सुरू होई. पण आता कटिंगच्या टेबलावर, जिथे पूर्वी कापडाचे तागे पडत, तिथे लेकीचा जुना लॅपटॉप उघडा ठेवलेला होता. त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. वायर निघाली, की एक शिंक पुरी व्हायच्या आत तो डोळे मिटायचा. आणि त्याच्या पोटात मास्तरांनी बांधलेली चाल होती, सेव्ह न केलेली.

सेव्ह का केली नव्हती, हे समजायला आधी मास्तर समजायला हवेत.

मास्तरांनी आयुष्यात एकही कपडा ट्रायलशिवाय मशीनवर घेतला नव्हता. आधी पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाका. मग गिऱ्हाइकाला बोलवायचं, अंगावर चढवायचं, हात वर करायला लावायचं, खाली वाकायला लावायचं, आणि काखेत कुठे लागतंय ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. त्यानंतरच मशीन. घाईतल्या नवरदेवालाही त्यांनी यातून सूट दिली नव्हती. एक नवरदेव कच्च्या टाक्यातला कोट घालून बोहल्यावर चढला आणि हार घालताना त्याची बाही हातात आली. यात मास्तरांना आपली चूक कधीही दिसली नाही. ट्रायलला आला नव्हता, एवढंच ते सांगत.

रेडिमेड कपड्यांनी घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान बंद पाडलं. पाटी मात्र तशीच राहिली. लेकीने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना बाबांना पत्ते खेळायला म्हणून दिला. त्यात तिच्या हौसेचं गाणी रचायचं सॉफ्टवेअर होतं. पत्ते शोधता शोधता मास्तरांनी ते उघडलं, आणि पत्ते खेळायचे राहूनच गेले. कारण पडद्यावर त्यांना कापड दिसलं. आवाजाचे लांबच लांब पट्टे, एकाखाली एक अंथरलेले. हवा तो कापायचा, ओढायचा, दुसऱ्याला जोडायचा. दुमडही घालता येत होती. कात्रीचं चित्रसुद्धा होतं. आणि एक उलटा बाण होता, जो दाबला की शेवटचं केलेलं काम निघून जाई. "उसवायचं बटण," मास्तर म्हणाले, आणि त्या यंत्राबद्दल त्यांच्या मनात आदर निर्माण झाला. ज्याने हे बनवलं त्याने कधीतरी सुई हातात धरली असणार, असं त्यांचं मत पडलं.

पहिली चाल त्यांनी भाबडेपणाने सेव्ह केली, लॅपटॉप मिटला आणि झोपले. सकाळी उघडून बघतात तो उलटा बाण फिका पडलेला. दाबून दाबून बोट दुखलं, काही उसवेना. मास्तरांना सगळा उलगडा झाला. सेव्ह म्हणजे मशीन मारणं. उलटा बाण चालतोय तोवर काम कच्च्या टाक्यात आहे. एकदा मशीन बसली की संपलं.

या सिद्धांतावर लेकीने फोनवरून पुष्कळ डोकं आपटलं. त्या दिवशी सकाळीही आपटलं. फाइलच्या हव्या तेवढ्या प्रती ठेवता येतात, एक आजची, एक कालची, असं तिने पुन्हा समजावलं. मास्तरांनी विचारलं, एका गिऱ्हाइकाचे चार कोट शिवून ठेवायचे का, की त्याला जो बसेल तो बसेल. लेकीने तो विषय सोडला. मग म्हणाली, निदान आपोआप सेव्ह व्हायची सोय तरी चालू आहे ना? ती मास्तरांनी पहिल्याच दिवशी बंद केली होती. मधूनच एक खिडकी उघडायची आणि जपून ठेवू का, म्हणून विचारायची. दारात उभं राहून झालं का, झालं का करणारी गिऱ्हाइकं त्यांनी कधी सहन केली नव्हती.

"बाबा, काकांची गाडी संध्याकाळी आहे. मध्ये काही झालं तर?"

"काय होणार आहे? तुझी आई माझ्या ताब्यात आहे," मास्तर म्हणाले. मास्तरीणबाईंनी हे ऐकलं.

काका म्हणजे काजवाले. मास्तरांच्या दुकानात खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी जन्मभर काजं केली. शर्टाची, कोटाची, गणवेशांची, एकदा तर तंबूची. त्यांचं नाव काय, ते सांगायला त्यांनाही थोडा विचार करावा लागे. काजं करताना ते शीळ घालायचे. एकच चाल. ती कुठून आली कुणाला ठाऊक नव्हतं, पण दुकानातल्या दोन्ही मशिनी तिच्याच तालावर चालायच्या. गिऱ्हाइकं माप देताना श्वास त्या तालात घेत, त्यामुळे छातीचं माप चुकतं, अशी मास्तरांची तक्रार होती. दुसरी तक्रार दातांची. काज पुरं झालं की काजवाले दोरा दातांनी तोडत. समोर कात्री असताना. मग त्या दोऱ्याचं टोक ओठाला चिकटून राही आणि ते तसेच गिऱ्हाइकाशी बोलायला उभे राहत. मास्तर दुरून स्वतःच्या ओठावर बोट ठेवून खूण करत, काजवाले तो दोरा काढत, आणि पुढच्या काजाला पुन्हा तेच.

मागच्या वर्षी काजवाल्यांचे दात गेले. नवे बसवले. नव्या दातांनी जेवता येत होतं, बोलता येत होतं, चारचौघांत हसताही येत होतं. शीळ मात्र येत नव्हती. एकदा मास्तरांच्या देखत त्यांनी प्रयत्न केला, तर पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी नुसती हवा आली. दोघंही हसले. त्यानंतर काजवाल्यांनी मास्तरांसमोर पुन्हा ओठ पुढे काढले नाहीत.

आणि आता मुलगा त्यांना आपल्या गावी कायमचं घेऊन चालला होता. संध्याकाळची बस होती. जाण्याआधी चार वाजता येतो, असं काजवाले सांगून गेले होते. मास्तरांनी पंधरवडाभर खपून ती शीळ आठवणीतून लॅपटॉपमध्ये उतरवली होती. त्यात शिळेचा आवाज होता, मागे तंतुवाद्यं होती, शेवटी तर चाळीस माणसांचा वाद्यवृंद उभा केला होता. पण ट्रायल व्हायची होती, आणि गिऱ्हाईक चारला येणार होतं.

बारा वाजता वायरमन आला.

दारात उभा राहून त्याने अगदी सहज सांगितलं, की खांबावरची जुनी तार बदलायची आहे, तीन वाजता गल्लीची लाइन बंद, वीज येईल दिवेलागणीला.

मास्तरांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, मग वायरमनकडे. काजवाल्यांना लवकर बोलवावं म्हणून फोन लावला, तर काजवाल्यांचा फोन ट्रंकेत कपड्यांखाली बांधून झाला होता. तो ट्रंकेतच इमानेइतबारे वाजत राहिला. मास्तर वायरमनला म्हणाले, पाचला बंद करा. वायरमन म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे. मास्तर म्हणाले, शेजारच्या गल्लीतून तार ओढून द्या. वायरमन म्हणाला, देतो, पण इकडचा प्लग काढून तिकडे लावेपर्यंत हे चालेल का? मास्तर खुर्चीत बसले.

"अहो, ते मेलं बटण दाबा की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बोट झिजतंय का?"

"त्याला कुठे लागलं तर? उसवायचं कसं?"

मास्तरीणबाई वायरमनकडे बघत होत्या. वायरमन आल्यापासून भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि बोलता बोलता सरकला तरी भिंतीला पाठ लावूनच सरकत होता.

"दादा," त्या म्हणाल्या, "वळा बघू."

वायरमन वळला नाही. त्याचे कान लाल झाले.

"सकाळी शिडीच्या खिळ्याला अडकली," तो हळूच म्हणाला.

"आणि असे खांबावर चढणार? खाली अख्खी गल्ली उभी असते."

शिंप्याच्या घरात आलेला माणूस फाटक्या पँटने परत गेला असं आजवर झालं नव्हतं, आणि आज होऊ द्यायचा तर प्रश्नच नव्हता. पाच मिनिटांत वायरमन मोठमोठ्या गुलाबी फुलांच्या पडद्याच्या कापडात गुंडाळून आतल्या खोलीत बसवला गेला. हातात चहाचा कप आला. पँट मास्तरीणबाईंच्या पायमशिनीवर गेली.

मागची शिवण उसवली होती. मास्तरीणबाईंनी उरलेलीही उसवली. मग दुसऱ्या पायाची बघितली, तीही कुजली आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि उसवली. खिशाचं अस्तर काढलं. मग पट्ट्याचा भाग सुटा केला. तीन वाजले तेव्हा वायरमनची पँट कटिंगच्या टेबलावर सुट्या तुकड्यांत मांडलेली होती, आणि मास्तरीणबाई चष्मा पुसत होत्या.

वायरमनचा फोन वाजला. त्याने पडदा सावरून तो उचलला.

"हो साहेब... नाही साहेब, अजून चालू आहे. अडचण आलीये... नाही, तांत्रिक आहे." मग बराच वेळ ऐकून घेऊन तो म्हणाला, "साहेब, मला आत्ता उभं राहता येत नाहीये."

पायमशीन सुरू झाली. खड खड आवाज घरभर घुमू लागला. मास्तर लॅपटॉपवर नजर ठेवून बसले होते, पण कान मशिनीकडे होता, आणि त्या कानाला काहीतरी खटकलं. ते उठून बघायला गेले. मास्तरीणबाई मोठ्या एकाग्रतेने पाय मारत होत्या, कापड पुढे सरकत होतं, आणि सुईत दोरा नव्हता.

मास्तर परत जागेवर येऊन बसले. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने एवढी वाईट शिवण पहिल्यांदाच घातली होती. मास्तरांचे डोळे मात्र भरून आले. ते त्यांनी टेपनेच पुसले.

चारच्या पुढे बराच वेळ गेला. साहेबांचा फोन आणखी दोनदा आला. वायरमनने दुसऱ्यांदा तो उचललाच नाही, पडद्याच्या घडीत सारून ठेवला. आणि मग जिन्यावर ट्रंक आपटल्याचा आवाज आला.

काजवाले दारात उभे राहिले. अंगात नवाकोरा रेडिमेड शर्ट होता, मुलाने आणलेला. मास्तरांची नजर आधी शर्टाच्या काजांवर गेली. यंत्राने केलेली, कडेने दोरे सुटलेली. काजवाल्यांनी हाताने ती झाकल्यासारखं केलं.

"पोराने आणला," ते म्हणाले. "नाही कसं म्हणणार."

"बस," मास्तर म्हणाले. "ट्रायल आहे."

"कुणाची?"

"तुझी."

खिडकीखालचं बुटकं स्टूल तिथेच होतं. काजवाले त्यावर बसले, तेव्हा त्यांचे गुडघे आपोआप एकमेकांजवळ आले आणि डावा हात मांडीवर कापड धरल्यासारखा पडला. आतून वायरमन गुलाबी फुलांसकट दारात येऊन उभा राहिला. काजवाल्यांनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण घरी पूर्वीही अशी गिऱ्हाइकं बघितलेली असल्यामुळे विचारलं काही नाही. मास्तरीणबाईंनी पाय थांबवला. मास्तरांनी बटण दाबलं.

शीळ सुरू झाली. गोल, गुळगुळीत, एका मापाची. पाठीमागून तंतुवाद्यं आली, मग ढोल, आणि मग चाळीस माणसांनी मिळून काजवाल्यांची चाल डोंगरावर नेऊन ठेवली. शेवट एवढा दणक्यात झाला, की वायरमनने हातातला पडदा सोडून टाळ्या वाजवायला घेतल्या आणि वेळीच भानावर आला.

"वा मास्तर," तो म्हणाला, "एकदम सिनेमासारखं झालंय."

काजवाल्यांनी मांडीवरचा डावा हात सरळ केला. मग म्हणाले, "छान आहे."

मास्तरांचा चेहरा उतरला. "छान आहे" म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना पाठ होतं. ते आरशात बघून छान आहे म्हणतं, कपडा घरी नेतं, आणि मग तो कपडा कधी कुणाच्या अंगावर दिसत नाही. मास्तर स्टूल ओढून काजवाल्यांच्या समोर बसले.

"कुठे लागतंय ते सांग."

"अरे, छान आहे. एवढं केलंस तू माझ्यासाठी."

"काखेत लागतंय की पाठीत?"

काजवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर खांबाला शिडी लावून ठेवलेली होती.

"शीळ माझीच आहे," ते म्हणाले, "पण कुणीतरी तिला इस्त्री केलीये."

ते खरं होतं. सुरुवातीला त्यांनी शीळ एकेक बोट दाबत उतरवली होती, ती मधेमधे अडखळत होती. मग त्यांना एक बटण सापडलं, जे दाबलं की सगळे सूर एका रेषेत, एका अंतरावर बसत. आठवडाभर ते हेच करत होते. घरात इस्त्रीला बंदी घालून इकडे ते चालीला इस्त्री करत बसले होते.

"सुई कापडाखालून वर यायची ना," काजवाले म्हणाले, "तेव्हा गाठ ओढायला मी थांबायचो. तेवढंच. तुझ्या शिळेत सुई वर येतच नाही. नुसताच माणूस चाललाय शीळ घालत."

"आणि शेवट?"

"तो कुणाचा आहे?"

"माझा. तू कधी पुरी केलीच नाहीस ती चाल. कायम मधेच तोडायचास."

"मधे कुठे? काज झालं की थांबायचो. दोरा तोडायला." काजवाल्यांना हसू आलं. "तोंडात दोरा धरून शीळ कशी घालणार, मास्तर?"

इतकी वर्षं शेजारी बसून हे मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं. चाल अपुरी आहे असंच ते धरून चालले होते. ती पुरी होती. काजाएवढीच होती.

मास्तर उठले, लॅपटॉपसमोर बसले आणि उलट्या बाणावर बोट ठेवलं.

वाद्यवृंदातली माणसं एकामागून एक उठून गेली. ढोल गेला. तंतुवाद्यांचे पट्टे गळून पडले. पंधरवड्याचं काम भराभर उसवत होतं आणि मास्तरांचा हात जराही कचरत नव्हता. उलट त्यांच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. आता फक्त शीळ राहिली. ते थोडं उसवायचे, वाजवायचे, मान वळवून बघायचे. काजवाले म्हणायचे, अजून मागे. पुन्हा उसवायचे. अजून. शिळेची घडी मोडली, मग एक सूर जरा लांबला, एक उशिरा आला. अजून मागे, मास्तर, अजून.

खालून गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज झाला. कुणीतरी वायरमनला त्याच्या हुद्द्याने हाक मारली.

"साहेब," वायरमन पडद्यातून म्हणाला, आणि अंगावरच्या फुलांचा सोडून त्याचा बाकी सगळा रंग उडाला. "काकू, पँट."

मास्तरीणबाईंनी सुईत दोरा ओवला. मघापासून दोन तास जे झालं नव्हतं ते आता झालं. मशीन अशी सुटली, की खोलीतली भांडी वाजायला लागली. दुकान भरात असतानाही त्या हाताने एवढ्या वेगात कधी शिवलं नसेल.

मास्तरांनी पुन्हा वाजवलं. या खेपेस काजवाले अजून मागे म्हणाले नाहीत. मास्तरांनी वळून पाहिलं. काजवाल्यांचा उजवा हात हलत होता. अंगठा आणि बोट जुळलेलं, सुई खाली, सुई वर, जरासा थांबा, गाठ. डोळे मिटलेले होते. शीळ अडखळत होती, आणि ज्या ज्या ठिकाणी ती अडखळली त्या त्या ठिकाणी काजवाल्यांचा हात कोपरापासून वर जात होता.

चाल थांबली. हात तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला.

"इथे तुटायचा," काजवाले म्हणाले. "इथे आवाज हवा."

मास्तरांनी रीळ आणलं, दोऱ्याचं एक टोक काजवाल्यांच्या हातात दिलं आणि लॅपटॉपवरचा आवाज टिपायचा लाल ठिपका दाबला. काजवाल्यांनी दोरा दातांत धरला. ओढला. दोरा घसरला. पुन्हा धरला. नवे दात सुंदर होते, एकसारखे होते, पण दोरा त्यांच्यावरून पाण्यासारखा निसटत होता. तिसऱ्या खेपेला खालची कवळी जरा हलली, तशी काजवाल्यांनी तोंड मिटून घेतलं आणि दोरा मास्तरांपुढे धरला.

"तू तोड."

"कात्रीने?"

काजवाल्यांनी नकारार्थी मान हलवली आणि दोरा आणखी पुढे धरला.

जन्मभर ज्या गोष्टीवरून त्यांनी या माणसाला टोकलं होतं, ती करायला मास्तर खाली वाकले. दोरा दाताखाली धरला, मान बाजूला झटकली. टक्. बारीकसा, कोरडा आवाज. पडद्यावर एक छोटी उभी रेघ उमटली.

"बरोबर," काजवाले म्हणाले. "आता एका काजाने शर्ट लागतो का? ओळीने टाक. खालपर्यंत."

मास्तरांनी पडद्यावरचं ते काज उचललं, त्याच्यापुढे तसंच दुसरं जोडलं, त्यापुढे तिसरं. वायरमन पँट चढवत, एका पायावर उड्या मारत दाराकडे निघाला होता. "कॉलरचं राहिलं," काजवाले म्हणाले. "ते आडवं असतं. जरा हळू." मास्तरांनी शेवटचं काज ओढून जरा सैल केलं. खाली साहेबांचा आवाज चढला होता. जिन्यावर वायरमनचे पाय वाजले.

"मास्तर," खालून हाक आली, "आता माझ्याच्याने होत नाही. चढतोय."

"झालं का?" मास्तरांनी काजवाल्यांना विचारलं. "नीट सांग. हात वर करून बघ. कुठे लागतंय?"

काजवाल्यांनी खरंच दोन्ही हात वर केले, खाली घेतले.

"नाही लागत," ते म्हणाले. "मार मशीन."

मास्तरांनी सेव्ह दाबलं. लॅपटॉपवर खिडकी उघडली आणि तिने फाइलचं नाव विचारलं. नावाचा विचार कुणीही केला नव्हता. मास्तर एका बोटाने अक्षर शोधायला लागले. मास्तरीणबाई खिडकीतून बघत सांगत होत्या, शिडीच्या मध्यावर आला, वर पोचला, पक्कड काढली. मास्तरांना एक अक्षर सापडलं. दुसरं सापडेना.

"अहो, तेवढंच पुरे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी बटण दाबलं. लॅपटॉपवरची खिडकी मिटली. पंखा एकदा फिरला, दुसऱ्यांदा अर्धाच फिरला आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला. त्यात तिघांचे चेहरे दिसत होते.

लेक ती चाल मुलाच्या फोनवर पाठवेल, एवढं मास्तरांनी सांगितलं. काजवाल्यांनी ट्रंक उचलली, मास्तरांनी हातातून घेतली, काजवाल्यांनी परत घेतली. शेवटी दोघांनी एकेक कडी धरली आणि जिना उतरले. कोपऱ्यावर रिक्षात मुलगा वाट बघत होता. वरून खांबावरच्या वायरमनने एक हात सोडून सलाम केला. त्याची शिवण कुठेही ओढत नव्हती.

दिवेलागणीला वीज आली. मास्तरांनी लॅपटॉप उघडला. एका अक्षराच्या नावाची फाइल तिथे होती. त्यांनी आधी उलट्या बाणाकडे पाहिलं. तो फिका होता, दाबून काही होत नव्हतं. मास्तरांनी मान डोलावली आणि शीळ लावली. सुई खाली गेली, वर आली, गाठ ओढली. टक्. पुन्हा खाली.

मास्तरीणबाई चुरगळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आल्या. इस्त्रीची वायर हातात धरून प्लगपाशी थांबल्या.

"लावू का आता?"

"लाव."

त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं, आणि स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं.

"दोरा राहिलाय."

"असू दे," मास्तर म्हणाले.